देवघेव : एका ग्रंथालयीन शब्दाची लक्षणा

मराठी ग्रंथालयांच्या परिभाषेत 'देवघेव' हा शब्द पुष्कळ काही सांगून जातो. वाचकास पुस्तक देणे व त्याच्याकडून ते परत घेणे या दोन क्रिया त्यात एकत्र आल्या आहेत, आणि ज्या विभागात त्या घडतात त्या विभागालाही हेच नाव आहे. इंग्रजी ग्रंथालयशास्त्रातील समानार्थी संज्ञा अभिसरणाची आहे. तीत पुस्तक फिरत असल्याचे दिसते, देणारा व घेणारा मात्र दिसत नाही. मराठी शब्दात दोन माणसे समोरासमोर उभी आहेत, त्यांच्यामध्ये एक वस्तू आहे, आणि ती एकाकडे गेली की दुसऱ्याकडे राहत नाही. पुस्तकाला चिकटवलेली तारखांची चिठ्ठी, अनामत रक्कम, विलंबाबद्दलचा दंड, 'पुस्तक बाहेर गेले आहे' हे नेहमीचे उत्तर, हा सारा व्यवहार त्या वस्तूच्या एकपणातून निघालेला आहे.

अमेरिका, ब्रिटन व युरोपातील अन्य काही देश येथील सार्वजनिक ग्रंथालयांनी गेल्या दोन दशकांत वाचकाला घरबसल्या ई-पुस्तके, श्राव्य पुस्तके व चित्रपट पुरविण्याची जी सेवा उभी केली आहे, तिच्यात ही वस्तूच उरलेली नाही. तरीही तिची सारी भाषा देवघेवीचीच आहे. वाचक पुस्तक 'नेतो'; ते त्याच्या 'शेल्फा'वर येते; मुदत संपली की 'परत' जाते; ते दुसऱ्या कोणाकडे असेल तर वाचक 'रांगेत' उभा राहतो. वस्तू गेली आणि शब्द राहिला, असा प्रकार भाषेच्या इतिहासात नवा नाही. परंतु येथे शब्द नुसते मागे राहिलेले नाहीत. ते ठेवून घेतलेले आहेत, आणि ते ठेवून घेण्यात कोणाचे तरी प्रयोजन आहे. ते प्रयोजन ओळखल्यावाचून या सेवेचे मूल्यमापन नीट होऊ शकणार नाही.

प्रथम सेवेचे स्वरूप पाहावे. अमेरिकेतील ओहायो राज्यात १९८६ साली स्थापन झालेल्या ओव्हरड्राइव्ह या कंपनीच्या साहाय्याने क्लीव्हलँडच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००३ साली वाचकांना घरच्या संगणकावर ई-पुस्तके उतरवून घेण्याची सोय करून दिली. त्याच कंपनीचे लिबी हे ॲप २०१७ मध्ये आले व आज तेथील बहुसंख्य वाचकांना ही सेवा याच नावाने परिचित आहे. वाचकाने आपल्या ग्रंथालयाच्या पत्रिकेचा क्रमांक द्यावयाचा. पुस्तक सात, चौदा किंवा एकवीस दिवसांसाठी त्याच्या फोनवर येते आणि मुदत संपताच आपोआप नाहीसे होते. विलंबदंडाचा प्रश्नच उद्भवत नाही. हूपला ही २०१३ साली सुरू झालेली दुसरी सेवा. तीत पुस्तकांबरोबर संगीत व चित्रपटही मिळतात. २००८ साली ऑस्ट्रेलियात निघालेली कनोपी ही मुख्यतः चित्रपटांची सेवा. जागतिक अभिजात चित्रपट व माहितीपट यांसाठी ती प्रसिद्ध आहे आणि प्रारंभी तिचा संबंध विद्यापीठांशी होता. २०२१ मध्ये ती ओव्हरड्राइव्हनेच विकत घेतली.

या सेवांनी वाचकाचे जे हित केले आहे ते टीकाकाराने आधी निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. ज्याची दृष्टी मंद झाली आहे त्याला अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. जो अंथरुणाला खिळला आहे, ज्याच्या गावापासून ग्रंथालय दूर आहे, त्याच्यापर्यंत पुस्तक पोचते. २०२० च्या वसंतात महामारीमुळे इमारतींची दारे बंद झाली तेव्हा ग्रंथालय म्हणून जे चालू राहिले ते बव्हंशी हेच. एप्रिल २०२२ मध्ये ब्रुकलिन सार्वजनिक ग्रंथालयाने तर तेरा ते एकवीस वर्षे वयाच्या, अमेरिकेत कोठेही राहणाऱ्या वाचकास आपली डिजिटल पत्रिका विनामूल्य देऊ केली. शालेय ग्रंथालयांतून पुस्तके काढून टाकण्याची जी लाट त्या देशात आली होती तिला दिलेले हे उत्तर होते. छापील पुस्तकांच्या बळावर एखाद्या नगर-ग्रंथालयाला असे काही करता येणे शक्य नव्हते.

'विनामूल्य' या शब्दाबद्दल मात्र येथेच एक खुलासा केलेला बरा. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालय बहुतांशी स्थानिक करांवर चालते. वाचकाने मूल्य दिलेले असते, फक्त ते आगाऊ व सर्वांनी मिळून दिलेले असते. तेव्हा या सेवेतील प्रत्येक अटीचा भार अखेरीस त्या सार्वजनिक निधीवर पडतो. वाचकाला तो दिसत नाही, आणि न दिसण्याची व्यवस्था प्रामुख्याने भाषेनेच केलेली आहे.

लक्षणेची जी चर्चा मम्मटाने केली आहे ती या ठिकाणी उपयोगी पडण्यासारखी आहे. लक्षणेला तीन गोष्टी लागतात : मुख्यार्थाचा बाध, लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी काही संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक. गंगेवर गौळवाडा आहे असे म्हटले असता प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून 'गंगा' या शब्दाचा अर्थ 'गंगेचा तीर' असा घ्यावा लागतो. आणि सरळ 'तीर' न म्हणता 'गंगा' म्हणण्यात त्या वस्तीचे शैत्य व पावित्र्य सुचविणे हे प्रयोजन असते. उलट 'कुशल' या शब्दाचा दर्भ आणणारा हा अर्थ कोणाच्या ध्यानीमनीही नसतो. ती केवळ रूढी होय.

डिजिटल 'देवघेवी'त मुख्यार्थाचा बाध उघड आहे. संगणकावरील पुस्तक एका वाचकाकडे गेल्याने दुसऱ्यासाठी संपत नाही. काही जाते असे नाही, म्हणून काही परत येते असेही नाही. मराठीतील 'उसने' हा शब्दही येथे लागू पडत नाही. शेजारून वाटीभर साखर उसनी आणली तर तीच साखर परत करावयाची नसते, तेवढीच करावयाची असते. ग्रंथालयाचे पुस्तक मात्र तेच परत करावे लागते, आणि म्हणून मराठी माणूस पुस्तक 'वाचायला नेतो', ते 'उसने' घेत नाही. डिजिटल व्यवहारात तेही परत येत नाही आणि तेवढेही येत नाही. दुसरी गोष्ट संबंधाची : तो सादृश्याचा आहे. एका वेळी एकच वाचक, ठराविक मुदत, प्रतीक्षा, या बाबतींत नवा व्यवहार जुन्यासारखा दिसतो. तेव्हा ही गौणी लक्षणा झाली.

प्रश्न उरतो तो तिसऱ्या गोष्टीचा. वाचकाच्या बाजूने पाहिले तर ही रूढी आहे. ज्या तरुण वाचकाने तारखांची चिठ्ठी कधी पाहिलीच नाही त्याच्यासाठी ग्रंथालयाच्या ॲपमधला 'परत करा' हा शब्द 'कुशल' शब्दाइतकाच निर्जीव झालेला आहे. परंतु रांग भाषेने निर्माण केलेली नाही. एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक, ही अट प्रकाशकाशी झालेल्या करारात आहे व तंत्राने ती पाळली जाते. सादृश्य आधी होते व त्यावरून शब्द आला, असा येथील क्रम नाही; शब्द शोभावा म्हणून सादृश्य घडविलेले आहे. काव्यातील लक्षणेपेक्षा ही लक्षणा वेगळी पडते ती येथे.

प्रकाशकांची बाजू अगदीच निराधार आहे असे नाही. छापील पुस्तक ग्रंथालयातून आणण्यास जावे लागते, वाट पाहावी लागते, प्रत मळलेली असते. या अडचणींमुळेच काही वाचक पुस्तक विकत घेतात, आणि या अडचणी नाहीशा झाल्या तर विक्री कोणाला होणार, असे त्यांचे म्हणणे. लेखकाच्या उपजीविकेचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे हेही नाकारता येत नाही. परंतु या युक्तिवादाने निर्माण केलेली व्यवस्था तपासून पाहिली असता एक विलक्षण गोष्ट आढळते. २०११ साली हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने असा नियम केला की ग्रंथालयाने घेतलेले ई-पुस्तक सव्वीस वेळा दिले गेले की ते संपले असे समजावयाचे. पुढे ते हवे असल्यास परवाना पुन्हा घ्यावयाचा. दोन आठवड्यांची मुदत धरली तर हे बावन्न आठवडे, म्हणजे बरोबर एक वर्ष होते. समर्थन असे होते की छापील प्रतही वापराने झिजते. जी वस्तू झिजत नाही तिला झीज बहाल करण्यात आली! शिवाय चांगली बांधणी केलेले पुस्तक सव्विसाव्या वाचकाच्या हातात निकामी होते हे मराठी ग्रंथालयातील कोणत्याही सेवकाला पटणार नाही. तेथे तीन पिढ्यांनी वाचलेल्या कादंबऱ्या अजून टिकून आहेत.

पुढील वर्षांत झिजेची जागा काळाने घेतली. पेंग्विन रँडम हाउसने ऑक्टोबर २०१८ पासून कायमचा परवाना देणे सोडून दोन वर्षांचा परवाना सुरू केला. २०१९ मध्ये हॅशेटनेही तसेच केले. मॅकमिलनने १ नोव्हेंबर २०१९ पासून नवे पुस्तक पहिले आठ आठवडे प्रत्येक ग्रंथालयसंस्थेस एकाच प्रतीपुरते देण्याचे ठरविले, मग ती संस्था लहान गावाची असो की महानगराची. ग्रंथालयांनी याला मोठा विरोध केला आणि मार्च २०२० मध्ये हा निर्बंध मागे घेण्यात आला.

या साऱ्या अटींत अनुकरण आहे, पण ते निवडक आहे. छापील पुस्तकाचे जेवढे दोष तेवढे या डिजिटल पुस्तकास देण्यात आले : ते एकाच वेळी एकालाच मिळते, ते झिजते, ते कालांतराने नाहीसे होते. छापील पुस्तकाचा एकही गुण मात्र त्याला मिळालेला नाही. ते ग्रंथालयाच्या मालकीचे होत नाही. दुसऱ्या ग्रंथालयास भेट देता येत नाही. जुन्या पुस्तकांच्या बाजारात विकता येत नाही. कोणी प्राध्यापक निवर्तल्यावर त्याचा संग्रह जसा ग्रंथालयाकडे येतो तसा तो येऊ शकत नाही. सादृश्य जेथे बंधनाला उपकारक तेथे ते ओढून आणावयाचे आणि जेथे स्वातंत्र्याला उपकारक तेथे 'ही वस्तू मुळी पुस्तकच नव्हे' असे म्हणावयाचे, असा हा प्रकार आहे. अलंकारशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर एकाच उपमेयाविषयी एका वाक्यात रूपक आणि पुढच्याच वाक्यात अपह्नुती!

मालकीचा हा मुद्दा वरवर दिसतो त्यापेक्षा जुना आहे. अमेरिकेत १९०८ साली बॉब्स-मेरिल विरुद्ध स्ट्रॉस या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे अशी कादंबरी आली होती की जिच्यात एक डॉलरपेक्षा कमी किमतीस विकू नये अशी सूचना प्रकाशकाने छापलेली होती. विक्रेत्याने ती कमी किमतीस विकली. न्यायालयाने प्रकाशकाचे म्हणणे मान्य केले नाही. एकदा विकलेल्या प्रतीचे पुढे काय करावयाचे हे ती विकत घेणाराने ठरवावयाचे, हे तत्त्व तेथून पुढे कायद्यात आले, आणि सार्वजनिक ग्रंथालयाची देवघेव त्या देशात याच तत्त्वावर उभी आहे. ग्रंथालय पुस्तक वाचायला देते ते कोणाच्या अनुज्ञेने नव्हे, प्रत त्याची स्वतःची आहे म्हणून. १९०८ सालच्या प्रकाशकाला पुस्तकाच्या पानावर सूचना छापून जे साधले नाही, ते आजच्या प्रकाशकाला पुस्तक विकण्याचेच सोडून दिल्याने साधले आहे.

या शब्दाचा अर्थ लावण्याचे काम न्यायालयांवरही येऊन पडले आणि तेथे निरनिराळी वाचने झाली. १० नोव्हेंबर २०१६ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने नेदरलँड्समधील ग्रंथालयांच्या एका प्रकरणात असा निर्णय दिला की ग्रंथालयाच्या संगणकावरील प्रत एका वेळी एकाच वाचकास मुदतीपुरती दिली जात असेल, तर त्या व्यवहाराला ग्रंथालयीन देवघेवीचा कायदा लागू होऊ शकतो. म्हणजे न्यायालयाने लक्ष्यार्थालाच वाच्यार्थाचा दर्जा दिला. परंतु त्याच न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये, वापरलेल्या ई-पुस्तकांची पुनर्विक्री करणाऱ्या एका डच संस्थेच्या प्रकरणात, ई-पुस्तक विकले तरी छापील पुस्तकाप्रमाणे त्यावरील प्रकाशकाचा वितरणाचा हक्क संपत नाही असे म्हटले. देणे हे देणे आहे, पण विकणे हे विकणे नाही! अमेरिकेत मेरिलँड राज्याने २०२१ साली, जे ई-पुस्तक जनतेला विकले जाते त्याचा परवाना ग्रंथालयांनाही वाजवी अटींवर देऊ करावा असा कायदा केला. २०२२ मध्ये संघीय न्यायालयाने तो संघीय प्रताधिकार कायद्याशी विसंगत म्हणून रद्दबातल ठरविला. इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने जवळच्या छापील प्रतींची स्वतः छायांकने करून, जितक्या प्रती तितकेच वाचक या हिशेबाने ती वाचायला देण्याचा जो उपक्रम चालविला होता, तोही मार्च २०२३ च्या निर्णयाने व सप्टेंबर २०२४ मधील अपिलाच्या निर्णयाने प्रताधिकाराचा भंग ठरला. त्या संस्थेने केले ते लक्षणेला तिचा मुख्यार्थ परत मिळवून देण्याचा प्रयत्न, असे म्हणता येईल. छापील प्रत खरोखरच ठेवलेली असे आणि रांग खरोखरच तिच्यासाठी असे. ते मान्य झाले नाही. ब्रिटनने मात्र एका मर्यादित बाबतीत अधिक समंजस मार्ग काढलेला दिसतो. ग्रंथालयातून पुस्तक नेले गेल्याबद्दल लेखकास शासनाकडून जे मानधन मिळते, ते १ जुलै २०१८ पासून तेथे ई-पुस्तकांसही लागू झाले. लेखकाच्या हिताची चिंता खरी असेल तर तिच्यावर रांगेखेरीजही उपाय आहे, एवढे तरी यावरून दिसते.

चित्रपटांच्या व संगीताच्या सेवेकडे वळले असता चित्र उलटे होते. हूपलावर सामान्यतः रांग नाही. हवे ते तत्काळ मिळते, चित्रपट तीन दिवस व पुस्तक एकवीस दिवस राहते. परंतु येथे ग्रंथालयाने आधी काही घेतलेलेच नसते. वाचकाने मागणी केली की त्या प्रत्येक वेळचे मूल्य ग्रंथालयाने मोजावयाचे, असा करार असतो. आणि म्हणून प्रत्येक वाचकावर मासिक मर्यादा घालावी लागते व कधी कधी त्या दिवसाचा निधी संपला की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागते. कनोपीवरही प्रत्येक पाहण्यामागे आकार होता. न्यूयॉर्क शहरातील न्यूयॉर्क, ब्रुकलिन व क्वीन्स या तिन्ही सार्वजनिक ग्रंथालयांनी जुलै २०१९ पासून ती सेवा बंद केली. तिचा खर्च पेलणारा नाही, असे कारण देण्यात आले.

या घटनेत जो विरोधाभास आहे तो साधा नाही. छापील पुस्तक जितके अधिक वाचले जाईल तितका त्याच्या एकेका वाचनाचा खर्च कमी होतो. शंभर वाचकांनी वाचलेले पुस्तक हे ग्रंथपालाच्या निवडीचे भूषण ठरते. प्रत्येक वेळी मूल्य मोजण्याच्या पद्धतीत सेवेची लोकप्रियता हीच तिची आपत्ती होते. ग्रंथपालाला मनातून असे वाटू लागते की वाचकांनी ही सेवा फार वापरू नये. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली त्यांतील पहिले पुस्तकाच्या उपयोगाविषयी आहे आणि शेवटचे ग्रंथालयाच्या सजीव वाढीविषयी. पुस्तके कपाटात साखळदंडाने जखडून ठेवण्याच्या जुन्या वृत्तीविरुद्ध पहिले सूत्र उभे होते. आता साखळी कपाटाला राहिलेली नाही, ती देयकाला लागली आहे. शेवटच्या सूत्राची स्थिती याहून बिकट आहे. दोन वर्षांच्या परवान्यांनी भरलेले ग्रंथालय वाढते खरे, पण एका बाजूने वाढत असता दुसऱ्या बाजूने गळत असते. आणि काल जेवढे होते तेवढे आज राहावे यासाठीच त्याला पुन्हा पुन्हा खर्च करावा लागतो.

साहित्याच्या अभ्यासकाचा संबंध येथे येतो. कोणत्याही मोठ्या ग्रंथालयाचे मोल केवळ मागणी असलेल्या पुस्तकांवरून ठरत नाही. जी तीस वर्षांत कोणी मागितली नाहीत आणि एकतिसाव्या वर्षी एखाद्या संशोधकाने मागितली, त्यांवरूनही ते ठरते. दुय्यम कवीचा एकमेव संग्रह, गाजून विस्मृतीत गेलेली कादंबरी, पुढे लेखकाने बदललेली पहिली आवृत्ती, हे सारे ग्रंथालयात राहिले ते बहुधा कोणी ते राखण्याचा निर्णय घेतला म्हणून नव्हे, तर काढून टाकण्याचा निर्णय कोणी घेतला नाही म्हणून. छापील पुस्तकाच्या बाबतीत दुर्लक्ष हे संरक्षणासारखेच काम करते. मुदतीच्या परवान्यात याच दुर्लक्षाचा परिणाम नेमका उलटा होतो : ज्याकडे कोणी लक्ष दिले नाही त्याचा परवाना संपतो व ते पुस्तक नाहीसे होते. पुन्हा घेण्याचा निर्णय प्रत्येक वेळी जाणीवपूर्वक करावा लागतो आणि तो स्वाभाविकपणेच ताज्या मागणीवर अवलंबून राहतो. एखाद्या काळाच्या अभिरुचीचा इतिहास लिहिणाऱ्यास त्या काळच्या ग्रंथालयांचे संग्रह हे मोठे साधन असते. असा संग्रह परवान्यांचा असेल तर मागे राहील ती फार तर देयकांची यादी.

यावर असा आक्षेप घेतला जातो की वाचकाची मालकी पूर्वीही नव्हती, मग त्याचे काय गेले? आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच तो गैरलागू आहे. आजच्या वाचकाचे काहीच गेलेले नाही. उलट त्याला पुष्कळ मिळाले आहे. गेले आहे ते ग्रंथालयाचे, आणि ग्रंथालयामार्फत ज्याला पुढे मिळावयाचे होते त्या अद्याप न जन्मलेल्या वाचकाचे. ग्रंथालयेही पुस्तके काढून टाकतात, हा दुसरा आक्षेप. पण काढून टाकलेली प्रत रद्दीच्या दुकानातून अभ्यासकाच्या घरी येते. मराठीतील कितीतरी संशोधन अशाच प्रतींवर झालेले आहे.

महाराष्ट्रातील वाचनालयांच्या दृष्टीने हा विचार अकाली वाटेल. येथे गावोगावी जी शासनमान्य वाचनालये आहेत ती वर्गणीवर व शासकीय अनुदानावर चालतात. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात ग्रंथालय-कराची तरतूद नाही, आणि वर वर्णिलेल्या तऱ्हेची सेवा या वाचनालयांत सर्वसाधारणपणे आढळत नाही. मराठीत ग्रंथालयीन डिजिटल कार्य जे झाले आहे ते वेगळ्या जातीचे आहे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथसंजीवनी' या नावाने आपल्या संग्रहातील जुनी पुस्तके, नियतकालिके व हस्तलिखिते घरबसल्या पाहण्याची सोय केली आहे. मूळ संग्रह तिचा स्वतःचा आहे; म्हणून ही प्रतिकृती कोणाच्या परवान्याची मुदत संपली म्हणून नाहीशी होणार नाही. दोन्हींना 'डिजिटल ग्रंथालय' हे एकच नाव दिले जाते, यात सोय असली तरी गोंधळही आहे. भारतीय प्रताधिकार कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली तिने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी ग्रंथ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठविण्याची मुभा दिली. पण तीत अट अशी की त्या ग्रंथाची डिजिटलेतर प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे. ही अट शब्दशः वाचावयास हवी. केवळ परवान्यांवर पुस्तके घेणाऱ्या ग्रंथालयाला या मुभेचा काहीएक उपयोग नाही. एखादे मराठी वाचनालय उद्या इमारतीची जागा वाचवावी म्हणून छापील प्रती घेण्याचे थांबवून डिजिटल सेवेकडे वळले, तर त्याला केवळ पुस्तकांना मुकावे लागेल असे नव्हे. ती जतन करण्याचा जो हक्क कायद्याने दिला आहे त्यालाही मुकावे लागेल. करारनाम्यावर सही करण्यापूर्वी 'देवघेव' हा शब्द त्यात कोणत्या अर्थाने आला आहे हे कार्यकारी मंडळाने विचारले तर त्यात शब्दच्छल मुळीच होणार नाही.

अखेरीस एका लहान गोष्टीचा निर्देश करावयास हवा, कारण ती वरील विवेचनाला थोडी मुरड घालते. लिबीमध्ये मुदतीपूर्वी पुस्तक परत करण्याची सोय आहे. आपोआप नाहीसे होणारे पुस्तक आधी परत करण्यात वाचकाचा स्वतःचा फायदा फारसा नसतो, तरीही पुस्तक वाचून होताच ते परत करणारे वाचक असतात. वस्तुतः काहीच परत जात नाही. पण रांग करारामुळे खरी असल्याने मागचा वाचक एका स्थानाने खरोखरच पुढे सरकतो. कृत्रिम दुर्मिळतेतही एका वाचकाने दुसऱ्याला काही दिले असे म्हणण्याजोगे येथे घडते, आणि 'देवघेव' या शब्दातील पूर्वपद तेवढ्यापुरते वाच्यार्थाने उभे राहते. हे औदार्य सर्वत्र सारखे फलद्रूप होत नाही. हूपलावर रांगच नसल्याने आणि नेताक्षणीच मूल्य मोजले गेलेले असल्याने लवकर परत करून ग्रंथालयाचा एक पैसाही वाचत नाही; आणि जेथे सव्वीस वेळांचा हिशेब आहे तेथे दुसऱ्याच दिवशी परत आलेले पुस्तकही एकदा दिले गेले असेच धरले जाते. त्या ठिकाणी दहा पाने वाचून पुस्तक ठेवून देणारा वाचक आणि ते पूर्ण वाचून त्याची टिपणे काढणारा वाचक या दोघांनीही पुस्तकाची झीज सारखीच केलेली असते.